स्विंडन: एका तारखेच्या अलीकडचे, पलीकडचे

[दृश्य: पॅडिंग्टनहून सुटलेली गाडी. खिडकीबाहेर शेतं, मग लाल विटांच्या बुटक्या घरांच्या रांगा.]

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून पश्चिमेकडे निघालेली गाडी तासाभरात स्विंडनला पोचते. पर्यटक इथे फारसे उतरत नाहीत, त्यांना पुढे बाथ नाहीतर ब्रिस्टल गाठायचं असतं. स्विंडन हे कामगारांचं शहर. 1843 मध्ये इथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना सुरू झाला. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं शहराचा दिवस त्या कारखान्याच्या भोंग्यावर चालला. 1986 मध्ये तो बंद पडला. त्याच सुमारास होंडा कंपनीनं शहराबाहेर जमीन घेतली, आणि स्विंडनमध्ये रेल्वेऐवजी मोटारी बनायला लागल्या.

महाराष्ट्रात हे नाव फार कुणी ऐकलेलं नसेल. गोव्यात मात्र साष्टीत, बार्देशात, घरोघरी माहीत आहे. कुणाचा मुलगा तिथे आहे, कुणाची सून, कुणाचं अख्खं कुटुंब. गेल्या वीसेक वर्षांत हजारो गोवेकर या एका शहरात येऊन राहिले.

ते इथे आले ते पोर्तुगालच्या कागदांवर. 19 डिसेंबर 1961 च्या आधी, म्हणजे गोवा मुक्त होण्यापूर्वी, गोवा, दमण आणि दीवमध्ये जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचा कायदा आपलं नागरिकत्व मागू देतो. त्याच्या मुलांना आणि नातवंडांनाही. आधी लिस्बनमध्ये आजोबांच्या जन्माची नोंद करायची, मग त्यांच्या लग्नाची, मग पुढच्या पिढीची. चर्चच्या जुन्या वह्या उघडायच्या, नावातलं एखादं अक्षर चुकलं असेल तर ते दुरुस्त करून घ्यायचं. यात वर्षं जातात. शेवटी हातात लालसर पासपोर्ट येतो आणि निळा परत करावा लागतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. गोव्यातलं मतदान गेलं, भारतीय पासपोर्ट गेला. त्या बदल्यात युरोपीय संघातल्या कुठल्याही देशात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळाला. बहुतेकांनी पोर्तुगाल निवडलंच नाही. इंग्रजी येत होतं, ब्रिटनमध्ये पगार बरा होता, आणि आधी गेलेला कुणी नातेवाईक चार दिवस घरात ठेवून घ्यायला तयार होता.

[दृश्य: पहाटेचा अंधार. गोदामाबाहेर पाळी बदलते आहे.]

काम मिळालं ते गोदामांत, कारखान्यांत, रुग्णालयांच्या साफसफाईत, वृद्धाश्रमांत. रात्रपाळी, बारा-बारा तास उभं राहणं. गोव्यातल्या घराचं छप्पर या पगारावर बदललं, बहिणींची लग्नं झाली. स्विंडनमध्ये फेस्त साजरे होऊ लागले, दुकानात कोकमं आणि सुकी सुंगटं मिळू लागली.

आणि मग 23 जून 2016 आला. ब्रिटननं युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, असा सार्वमताचा एका ओळीचा प्रश्न. 51.9 टक्के लोकांनी बाहेर पडायचं म्हटलं, 48.1 टक्क्यांनी राहायचं. स्कॉटलंडनं आणि उत्तर आयर्लंडनं राहण्याच्या बाजूनं मत दिलं, इंग्लंडनं आणि वेल्सनं बाहेर पडण्याच्या. स्विंडनमध्ये 54 टक्क्यांहून अधिक मतं बाहेर पडण्याच्या बाजूची होती.

त्या दिवशी मत कुणाला देता आलं, हे इथे थांबून बघायला हवं. मतदार यादी संसदेच्या निवडणुकीची होती. म्हणजे ब्रिटिश, आयरिश, आणि ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक. भारत राष्ट्रकुलात आहे. तेव्हा पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेला, भारतीय पासपोर्ट असलेला इंजिनिअर मत देऊ शकत होता. पंधरा वर्षं स्विंडनच्या गोदामात राबलेल्या, तिथे कर भरलेल्या, मुलं तिथल्या शाळेत घातलेल्या गोवेकराला मत नव्हतं, कारण कागदावर तो पोर्तुगीज होता. ज्या हक्कावर त्याचं घर उभं होतं, तो हक्क ठेवायचा की काढायचा हे त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारलं गेलं. मला ही गोष्ट आजही अन्यायाची वाटते, आणि ब्रेक्झिटच्या, म्हणजे संघातून बाहेर पडण्याच्या, चर्चेत ती फार कमी वेळा ऐकू येते.

31 जानेवारी 2020 च्या रात्री ब्रिटन संघातून बाहेर पडलं. पण रोजच्या आयुष्यात फरक पडला तो 31 डिसेंबर 2020 ला, जुने नियम चालू ठेवणारा संक्रमणकाळ संपला तेव्हा. या तारखेनं माणसांचे दोन भाग केले. त्या दिवसापर्यंत ब्रिटनमध्ये राहायला आलेल्या युरोपीय नागरिकांना 30 जून 2021 पर्यंत अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवता आला. पाच वर्षं झाली असतील तर ‘सेटल्ड’ म्हणजे कायमचा दर्जा, नसतील तर ‘प्री-सेटल्ड’ म्हणजे तात्पुरता. पन्नास लाखांहून जास्त लोकांना असा दर्जा मिळाला. सरकारनं ही नोंद ठेवली ती फक्त संगणकावर. खिशात ठेवायला कार्ड नाही, भिंतीवर लावायला प्रमाणपत्र नाही. नवी नोकरी असो की भाड्याचं घर, संकेतस्थळावर जाऊन एक शेअर कोड काढायचा आणि समोरच्याला द्यायचा. तरुणांना हे जमतं. ज्या मावशींनी आयुष्यभर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले, त्यांना आपला हक्क कुठे ठेवलाय हेच दिसत नाही.

तारखेच्या पलीकडच्यांचं काय झालं? 2021 नंतर पोर्तुगीज पासपोर्ट हातात आलेल्या गोवेकराला ब्रिटनमध्ये फक्त पाहुणा म्हणून येता येतं, आणि एप्रिल 2025 पासून त्यासाठीही आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. काम करायचं तर इतर कुठल्याही परदेशी माणसासारखा व्हिसा, ठरलेल्या किमान पगाराची नोकरी, व्हिसासाठी जबाबदारी घेणारा मालक. गोदामातल्या कामाला असा व्हिसा मिळत नाही. ज्या घरांनी लिस्बनच्या नोंदींसाठी वर्षानुवर्षं पैसे भरले, त्यांचे कागद तयार झाले तेव्हा ब्रिटनचं दार बंद झालेलं होतं. थोरला भाऊ स्विंडनमध्ये, धाकटा तोच पासपोर्ट घेऊन युरोपातल्या दुसऱ्या देशात नवी भाषा शिकतोय, असं आता घडू शकतं.

लग्नाचा प्रश्न याहून नाजूक. स्विंडनमधल्या मुलाचं नातं त्या डिसेंबरपूर्वी जुळलेलं असेल, तर बायकोला जुन्या नियमानं आणता येतं. नंतर जुळलं असेल, तर ब्रिटनचा नेहमीचा जोडीदार व्हिसा. त्यासाठी एप्रिल 2024 पासून वर्षाला 29,000 पौंड उत्पन्न दाखवावं लागतं. आधी ही अट 18,600 ची होती. कमी पगारावर सफाईचं काम करणाऱ्याला 29,000 गाठताना जादा पाळ्या कराव्या लागतात. तोवर संसार व्हिडिओ कॉलवर.

[दृश्य: डोव्हर बंदर. पांढरे कडे, बोटीची वाट पाहणाऱ्या गाड्यांची रांग.]

आता या गोवेकराच्या गल्लीतला इंग्रज शेजारी घ्या. त्याचंही काही गेलं आहे. पूर्वी तो स्पेनमध्ये हवा तितका काळ राहू शकायचा. आता कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस. डोव्हरला बोटीत चढण्याआधीच फ्रेंच अधिकारी पासपोर्ट तपासतात. पूर्वी नजर टाकून परत द्यायचे. मग शिक्का आला, आणि ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला सुरुवात झाली. कुत्रा बरोबर न्यायचा तर दर प्रवासाला पशुवैद्याचं नवं प्रमाणपत्र. बऱ्याच मोबाइल कंपन्यांनी युरोपातल्या रोमिंगचे पैसे पुन्हा घ्यायला सुरुवात केली आहे. शेजारचा गोवेकर मात्र पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपीय रांगेतून बोटीवर जातो. सत्तावीस देशांत राहण्याचा हक्क त्याच्याकडे अजून आहे, स्विंडनमध्ये जन्मलेल्या माणसाकडे नाही. आजी-आजोबांपैकी कुणी आयर्लंडचं निघतं का, हे शोधत ब्रिटनमधल्या कितीतरी लोकांनी सार्वमतानंतर आयरिश पासपोर्टसाठी अर्ज केले, ते याचसाठी.

किराण्याचं बिलही वाढलं. युक्रेनचं युद्ध, कोविड, विजेचे दर यांचा त्यात मोठा वाटा आहे, पण ब्रेक्झिटचाही आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांच्या हिशेबानं 2019 च्या अखेरीपासून मार्च 2023 पर्यंत ब्रेक्झिटमुळे एका कुटुंबाच्या अन्नखर्चात सरासरी 250 पौंडांची भर पडली. युरोपशी झालेल्या करारात आयातशुल्क नाही, पण कागद आहेत. मांस, चीज, मासळी पाठवायची तर दर खेपेला आरोग्य प्रमाणपत्र आणि त्यावर पशुवैद्याची सही. मोठ्या कंपनीनं यासाठी माणसं नेमली. चीजचे चार डबे फ्रान्सला पाठवणाऱ्या छोट्या उत्पादकाला ते परवडेना. ब्रिटनच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे की दीर्घकाळात देशाची उत्पादकता संघात राहिल्यापेक्षा 4 टक्क्यांनी कमी राहील.

उत्तर आयर्लंडमध्ये तर सीमा देशाच्या आतच आली. आयर्लंड बेटावर, ब्रिटनचं उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातला आयर्लंड देश यांच्या मधे, पुन्हा तपासणी नाके उभे केले तर तिथल्या 1998 च्या शांतता कराराला धक्का बसेल, म्हणून तपासणी ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडमधल्या समुद्रावर ढकलली. आज बेलफास्टच्या दुकानात ब्रिटनहून आलेल्या दुधा-मांसावर ‘युरोपीय संघासाठी नाही’ असं छापलेलं असतं. ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या माणसाला ते लेबल रोज बोचतं. या वादावरून तिथलं सरकार दोन वर्षं, फेब्रुवारी 2024 पर्यंत, ठप्प होतं.

[दृश्य: होंडाच्या जुन्या कारखान्याची जागा. उभी राहणारी प्रचंड गोदामं.]

स्विंडनला परत येऊ. जुलै 2021 च्या अखेरीस इथला होंडाचा कारखाना बंद झाला. सुमारे तीन हजार नोकऱ्या गेल्या, आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या वेगळ्या. कंपनीनं कारण दिलं विजेवरच्या गाड्यांकडे वळणाऱ्या बाजाराचं, ब्रेक्झिटचा संबंध नाही म्हणाली. ‘राहू या’ म्हणणाऱ्यांना ते पटलं नाही. युरोपात विनाअडथळा गाड्या पाठवता याव्यात म्हणूनच तर जपानी कंपन्या ब्रिटनमध्ये आल्या होत्या, असं ते म्हणतात. ‘बाहेर पडू या’ म्हणणारे दुसरीकडे बोट दाखवतात. त्याच काळात युरोपीय संघानं जपानशी व्यापार करार केला, गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरणार होतं, मग जपानहूनच थेट गाडी पाठवता येईल. कारखाना दोघांचाही गेला, पण त्यावर दोघांचं एकमत नाही. त्या जागेवर आता गोदामं उभी राहत आहेत.

हीच गोष्ट स्थलांतराची. बाहेर पडलो की माणसांचं येणं कमी होईल, असं लोकांना सांगितलं गेलं. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी तर बाहेर पडण्याच्या प्रचारात म्हटलं होतं की युरोपातून येणाऱ्यांवर मर्यादा आली तर दक्षिण आशियातून आचारी आणता येतील आणि करी हाऊस, म्हणजे तिथली दक्षिण आशियाई रेस्टॉरंटं, वाचतील. तसे आचारी फारसे आले नाहीत, रेस्टॉरंटं बंद होत राहिली. उलट रुग्णालयांना परिचारिका हव्या होत्या, वृद्धाश्रमांना माणसं हवी होती, विद्यापीठांना परदेशी विद्यार्थ्यांची फी. भारतातून, नायजेरियातून लोक आले. 2023 मध्ये वार्षिक निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या वर गेलं, पूर्वी कधीही नव्हतं इतकं. मग एकामागून एक व्हिसे आवळले गेले, आकडा झपाट्यानं खाली आला, आणि जुलै 2025 मध्ये परदेशातून नवे काळजीवाहक आणण्याची वाटही बंद झाली. लिंकनशरमधल्या बॉस्टन या गावानं सर्वाधिक, 75 टक्क्यांहून जास्त, बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं होतं. भाजीच्या शेतांवर पूर्व युरोपातले मजूर होते, याचा राग त्यामागे होता. आज ब्रिटनच्या शेतांवर किरगिझस्तान आणि उझबेकिस्तानहून हंगामी व्हिसावर मजूर येतात. सहा महिने काम करायचं आणि परत जायचं. गावात घर करायला, मुलं शाळेत घालायला त्यांना वावच नाही. म्हणून बाहेर पडा म्हणणारे म्हणतात आमची फसवणूक झाली, राहा म्हणणारे म्हणतात आम्ही आधीच सांगत होतो.

ही फूट गोऱ्या-काळ्यांची नाही आणि देशी-परदेशीही नाही. माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील मूळ गोव्याच्या घराण्यातले, आणि त्या बाहेर पडण्याच्या ठाम पुरस्कर्त्या. मजूर पक्षाचे माजी खासदार कीथ वाझ यांचे आईवडीलही गोव्याचे, आणि त्यांनी संघात राहण्याचा प्रचार केला. तरुण आणि वयस्क यांच्यातलं अंतर मात्र खोल आहे. एका मोठ्या मतचाचणीनुसार 18 ते 24 वयातल्या जवळजवळ पाऊण मतदारांनी राहायचं म्हटलं, तर 65 च्या पुढच्या दहातल्या सहांनी बाहेर पडायचं. म्हणजे नातवंडांचं एक मत, आजी-आजोबांचं दुसरं, आणि परिणाम भोगायला नातवंडांकडे जास्त वर्षं. मतदानाच्या आठवडाभर आधी, 16 जूनला, जो कॉक्स या खासदाराची भर रस्त्यात हत्या झाली. त्या संघात राहण्याच्या बाजूच्या होत्या, दोन लहान मुलांची आई होत्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये कितीतरी घरांत हा विषय जेवताना काढायचा नाही असं ठरून गेलं.

आज बहुतेक मतचाचण्यांत निम्म्याहून जास्त लोक बाहेर पडणं चुकलं असं म्हणतात. पण म्हणून देश परत फिरायला निघालेला नाही. बाहेर पडण्याचे कट्टर पुरस्कर्ते निगेल फराज यांचा रिफॉर्म पक्ष मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत सर्वांत पुढे गेला. सरकार लहान लहान पावलं टाकतंय. त्याच महिन्यात युरोपशी झालेल्या बैठकीत अन्नपदार्थांवरची तपासणी कमी करायचं ठरलं, युरोपीय बोटींना ब्रिटनच्या समुद्रात 2038 पर्यंत मासेमारी मिळाली. युरोपात शिकायला जाण्याच्या इरॅस्मस या विद्यार्थी योजनेत 2027 पासून परत यायचंही नंतर ठरलं. मधल्या वर्षांत विद्यापीठात गेलेल्यांना ती संधी मिळाली नाही.

[दृश्य: स्विंडनच्या नगरपालिकेबाहेर नागरिकत्व समारंभाला आलेली कुटुंबं.]

स्विंडनचे गोवेकर आता एक एक करून ब्रिटिश नागरिकत्व घेत आहेत. ब्रिटनच्या इतिहासावरची आणि रीतिरिवाजांवरची परीक्षा, मग राणीऐवजी आता राजाच्या निष्ठेची शपथ. प्रौढ माणसाला फी दीड हजार पौंडांच्या वर. घरात तिघं-चौघं मोठे असले तर एकाचे पैसे या वर्षी, दुसऱ्याचे पुढच्या वर्षी. सेटल्ड दर्जावर त्यांना राहता येतं, काम करता येतं, नगरपालिकेला मतही देता येतं. संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नाही. परवा केरळहून आलेल्या परिचारिकेला देता येतं. 2016 च्या त्या यादीचा नियम आजही तोच आहे, आणि पुढच्या निवडणुकीत आपलं नाव त्या यादीत असावं म्हणून ही माणसं पैसे साठवत आहेत.