ऑपरेशनची तारीख ठरली, आता साखरेच्या गोळ्यांचं काय?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात एका भूलतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, भूल देणाऱ्या डॉक्टरला पेशंट सहसा ओळखत नाही. पेढे जातात ते सर्जनकडे. त्याची तक्रार नाही, पण ऑपरेशनच्या सकाळी खाटेपाशी येऊन "आज कोणकोणत्या गोळ्या घेतल्या?" असं विचारणारा माणूस मीच असतो. आपल्या भागात या प्रश्नाची दोनच उत्तरं मिळतात. एक, "सप्पा घेतल्या साहेब, एकबी नाई चुकोली." दुसरं, "उपाशी राहा म्हणे ना, मंग गोया कायले घ्याव?" दोन्ही माणसं सरळ आहेत, सांगितलं तसं वागणारी आहेत. आणि दोघांच्याही बाबतीत मला पुन्हा साखर तपासायला लावावी लागते.

कारण साखरेची गोळी हे एक औषध नाही. वेगवेगळ्या जातींची औषधं त्या एका नावाखाली चालतात आणि ऑपरेशनच्या वेळी प्रत्येक जातीचा नियम निराळा असतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चालणारी जोडगोळी म्हणजे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, दोन्ही एकाच गोळीत. यातलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. उपाशीपोटी घेतलं की साखर खाली जाते. जागा माणूस असेल तर हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, तो स्वतःच गुळाचा खडा मागतो. भूल दिलेला माणूस काही मागत नाही. म्हणून ही गोळी ऑपरेशनच्या सकाळी घ्यायची नाही. मेटफॉर्मिन एकट्यानं साखर एवढी पाडत नाही. तिथं चिंता मूत्रपिंडाची. मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल किंवा तपासणीसाठी शिरेतून डाय (स्कॅनचा फोटो स्पष्ट यावा म्हणून टोचतात ते औषध) देणार असतील, तर डॉक्टर ती जास्त दिवस थांबवायला सांगतात. एरवी फक्त त्या सकाळची चुकवतात.

आता आपल्या भागाचं एक वेगळंच दुखणं सांगतो. पुस्तकात लिहिलंय, भुलेआधी जड नसलेलं जेवण 6 तास आधीपर्यंत, निव्वळ पाणी 2 तास आधीपर्यंत. झरीजामणीकडच्या म्हाताऱ्याचं ऑपरेशन यवतमाळला असेल तर काय होतं बघा. पहाटेची एसटी धरायची म्हणून तो आदल्या दिवशी सांजच्यालाच दोन घास खाऊन घेतो. "पाणीबी नाई प्यायचं" असं कोणीतरी बजावलेलं असतं. दवाखान्यात पोचतो नऊला, नंबर लागतो दुपारी दोनला. झाले की अठरा-वीस तास! त्यात मे महिना, पारा 44 वर, अंगातलं पाणी आटलेलं. सहा तासांच्या उपासाचा हिशेब धरून लिहिलेला औषधाचा डोस या माणसाला कसा चालेल? म्हणून मधुमेहाच्या पेशंटनं तारीख घेतानाच म्हणावं, "मला साखर आहे, माझा नंबर सकाळी पहिला लावा." बहुतेक ठिकाणी लावतात. आणि पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं का, हे विचारून घ्या. साखर 70 च्या खाली गेली तर पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून पाजता येते, लगेच नर्सला सांगून. चहा मात्र नाही. चहात दूध असतं, आणि आमच्या लेखी दूध म्हणजे जेवण.

आता ज्या औषधासाठी मी मुद्दाम आलो, ते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. नावं तोंडात बसत नाहीत, पण शेवट ध्यानात ठेवा: ग्लिफ्लोझिन. 2020 मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, किंमत उतरली आणि ते तालुक्याच्या मेडिकलपर्यंत आलं. औषध चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. ते रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. गोम अशी, की उपास आणि ऑपरेशनचा ताण एकत्र आला की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं रक्तात साचतात. एरवी असं होतं तेव्हा साखर चारशे-पाचशेवर जाते आणि सगळे धावपळ करतात. इथं साखर लघवीतून निघूनच जात असते. ग्लुकोमीटर दाखवतो 160. नातेवाईक खूश. आणि पेशंटला मळमळ, पोटदुखी, श्वास खोल-खोल. "ऑपरेशन झालंय, गॅस झाला असंल," म्हणून पोटावर ओवा चोळतात. त्या वेळी रक्तातले कीटोन तपासले आणि आकडा 3 च्या वर निघाला, तर तो माणूस अतिदक्षता विभागातला पेशंट आहे, साखर काहीही म्हणो.

म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकानं 2020 मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात बदल केला: ठरवून करायच्या ऑपरेशनच्या किमान 3 दिवस आधी बंद. यांच्यातच अर्टुग्लिफ्लोझिन आहे, ती 4 दिवस आधी. म्हणजे ऑपरेशनच्या सकाळी मी खाटेपाशी येऊन विचारतो तेव्हा उशीर झालेला असतो. हे काम गावातच व्हायला हवं, आशाताईंनी, मेडिकलवाल्या भाऊंनी, घरच्या शिकल्यासवरल्या पोरीनं. पण डॉक्टरला न विचारता परस्पर बंद करू नका, बदली काय द्यायचं ते त्यांनी ठरवायचं.

आणखी एक. हीच गोळी आता हृदय कमजोर असलेल्यांना, मूत्रपिंडाच्या पेशंटलाही देतात, मधुमेह नसला तरी. "शुगर आहे का?" विचारलं की बाई खरंच सांगते, "नाई जी." म्हणून रोगाचं नाव विचारून भागत नाही. गोळ्यांचे पत्ते बघायला लागतात. सगळे पत्ते एका पिशवीत घाला, बीपीचे, हृदयाचे, गुडघ्याचे, बाजारातून आणलेली चूर्णाची पुडीसुद्धा. हसू नका. आयुर्वेदिक म्हणून विकलेल्या काही पुड्यांत ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे ग्लिमेपिराइडच्याच जातीचं साखर पाडणारं औषध, मिसळलेलं सापडलेलं आहे. आणि गोळ्या डब्यात सुट्या काढून आणू नका; नाव पत्त्यावर असतं, गोळीवर नसतं.

इन्सुलिनवाल्यांसाठी थोडक्यात. दिवसभर पुरणारं इन्सुलिन पूर्ण बंद करत नाहीत. आदल्या रात्रीचा डोस साधारण पाव-पंचमांश कमी करतात. सरकारी दवाखान्यात मिळणारं मिश्र इन्सुलिन सकाळी बहुधा निम्म्यावर आणतात. ज्या लेकराला लहानपणापासून इन्सुलिनच चालू आहे, त्याचं मात्र एक दिवसही तोडायचं नाही, उपाशी असला तरी.

(प्रश्नोत्तरांतून)

आशाताईंनी विचारलं, आठवड्याला एकदा घ्यायच्या वजन उतरवायच्या इंजेक्शनचं काय. ताई, ती शहरातून आता इकडेही यायला लागलीत. त्यांनी पोट सावकाश रिकामं होतं. उपास पूर्ण पाळूनही पोटात अन्न उरतं आणि भुलेत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं आठवडाभर आधी बंद करा असं सुचवलं, पुढच्या वर्षी ते थोडं सैल केलं: प्रत्येक पेशंट पाहून ठरवा. मळमळ, उलटी चालू असेल तर आम्हाला आधी सांगा, आम्ही सोनोग्राफीनं पोट पाहू शकतो.

मागच्या काकांचा प्रश्न चांगला आहे: पायात काटा जाऊन पू झाला, आजच कापायचं म्हणतात, मग तीन दिवस कुठून आणायचे? काका, आणायचे नाहीत. पू थांबत नाही, अपेंडिक्स थांबत नाही, अडलेली बाळंतीण थांबत नाही. ऑपरेशन होऊ द्या. फक्त दाखल करतानाच सांगा की ग्लिफ्लोझिन चालू आहे आणि शेवटची गोळी कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली. मग आम्ही साखरेसोबत कीटोन तपासत राहतो, सलाइनमधून ग्लुकोज आणि इन्सुलिन दोन्ही देतो. आणि ती गोळी घरी गेल्या-गेल्या सुरू करू नका. पेशंट नेहमीसारखी भाकर-भाजी खायला लागला, पाणी नीट प्यायला लागला, की डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून.