शेऱ्याचा रकाना

(दृश्य : शाळेच्या ग्रंथालयाची खोली. पाच लोखंडी कपाटं. शेवटच्या कपाटाचं कुलूप जवळून.)

जळगाव जिल्ह्यातली एक अनुदानित माध्यमिक शाळा. मधली सुट्टी झालीय. ग्रंथालयाच्या दारात चपलांचा ढीग पडलाय. चार कपाटं उघडी आहेत आणि मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून पुस्तकं ओढतायत. पाचव्या कपाटाला कुलूप आहे. काचेतून आतली पुस्तकं दिसतात, नावंही वाचता येतात.

नववीतली एक मुलगी काचेला नाक लावून उभी आहे. "बाई, हाई पुस्तक भेटी का?"

बाई नुसती मान हलवतात.

(दृश्य : दाखल नोंदवही. रकान्यांवरून सरकणारं बोट.)

ही ग्रंथालयाची दाखल नोंदवही. पुस्तक मांडणीवर जाण्याआधी इथे येतं. दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथाचं नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, किंमत, बिल क्रमांक, वर्गांक. मग शिक्का. एक शीर्षकपानावर, एक शेवटच्या पानावर आणि एक आतल्या ठरलेल्या पानावर. या ठरलेल्या पानाला ग्रंथपाल गुप्त पान म्हणतात. पहिलं पान कुणी फाडलं, तरी पुस्तक कुणाचं हे त्या पानावरून कळतं. शेवटी आतल्या बाजूला तारखांची चिठ्ठी चिकटते आणि पुस्तक वाचकांचं होतं.

नोंदवहीत अगदी उजवीकडे दोन रकाने उरतात, निर्लेखन, म्हणजे पुस्तक रद्द केल्याची नोंद, आणि शेरा. पुस्तक हरवलं तर शेऱ्यात तसं लिहायचं आणि भरपाईचा पावती क्रमांक टाकायचा. वाळवी लागली, पानं गळाली, तर जीर्ण पुस्तकांची यादी करायची, मंजुरी घ्यायची आणि मंजुरीची तारीख निर्लेखनात चढवायची. पुस्तक आत येतं कागदावरून, बाहेरही कागदावरूनच जायला हवं.

आता कुलपातल्या पुस्तकांच्या ओळी बघा. निर्लेखन कोरं. शेरा कोरा. म्हणजे ही पुस्तकं हरवलेली नाहीत, फाटलेली नाहीत, रद्द झालेली नाहीत. तरी मुलांना मिळत नाहीत.

शाळांमधली पुस्तकं बहुतेक वेळा अशीच जातात. एका पानाचा फोटो मोबाइलवर फिरतो. चार ओळींभोवती लाल गोल केलेला असतो, पुस्तकाचं नाव मात्र फोटोत नसतं. मग संस्थेतल्या कुणाचा तरी मुख्याध्यापकांना फोन येतो, "तेवढं काढून ठेवा." मुख्याध्यापक ग्रंथपालांना तोंडी सांगतात आणि ग्रंथपाल चावी फिरवतात. कुणाचीच सही कुठे नसते. त्यामुळे दाद मागायची तर कुणाविरुद्ध, हे उद्या पालकांना कळत नाही, आणि पुस्तक परत मांडायचा हुकूमही कुणी देऊ शकत नाही, कारण काढण्याचा हुकूम कधी निघालेलाच नसतो.

(दृश्य : राजपत्राची पानं.)

पुस्तकावर बंदी येऊ शकते, पण ती घालण्याचा अधिकार कायद्याने कुणाला दिलाय ते नीट समजून घ्यायला हवं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९८ तो अधिकार राज्य सरकारला देतं. आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं. सरकारला अधिसूचना काढावी लागते आणि तिच्यात आपल्या मताची कारणं लिहावी लागतात. ज्याचा त्या पुस्तकाशी संबंध आहे, तो नव्या संहितेच्या कलम ९९ खाली २ महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाऊ शकतो, आणि तिथे ३ न्यायमूर्तींचं खास पीठ अर्ज ऐकतं. महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. शिवचरित्रावरच्या एका इंग्रजी पुस्तकावर २००४ साली बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला.

गावातला पुढारी, संस्थेचा पदाधिकारी, चिडलेला पालक, यांतल्या कुणालाही बंदी घालता येत नाही. त्यांना तक्रार करता येते. तो त्यांचा हक्क आहे आणि तिचं उत्तर देणं शाळेचं काम आहे.

लेखी आदेश निघाला का, हे तपासायचं असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज पुरतो. अनुदानित शाळेला तो लागू आहे. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द १५० पर्यंत. अर्ज फसतो तो प्रश्नामुळे. "पुस्तक का काढलं?" असं विचारलं की "कारणमीमांसा देता येत नाही" म्हणून अर्ज परत येतो, कारण कायदा नोंदी देतो, खुलासे देत नाही. म्हणून असं लिहावं : "दाखल क्रमांक अमुक हा ग्रंथ देवघेवीतून बाजूला ठेवण्याबाबतच्या लेखी आदेशाची व त्याबाबतच्या तक्रारीची प्रत मिळावी." प्रत नसेल तर "अभिलेख उपलब्ध नाही" असं लिहून द्यावं लागतं. तेवढं एक वाक्य हातात आलं तरी खूप झालं.

(दृश्य : दोन पुस्तकं शेजारी शेजारी. आतल्या चिठ्ठ्या.)

आणखी एक चोरवाट आहे. नको असलेलं पुस्तक जीर्ण पुस्तकांच्या यादीत घुसवलं जातं. ते ओळखता येतं. डावीकडचं पुस्तक खरंच जीर्ण झालंय. पाठ उसवलीय, कोपरे दुमडलेत, चिठ्ठी तारखांनी भरून तिच्यावर दुसरी डकवलीय. उजवीकडचंही जीर्ण यादीत आहे. त्याची बांधणी घट्ट आहे, कागद पांढरा आहे आणि चिठ्ठीवर तीनच तारखा आहेत. यादीवर सही करणाऱ्याने पुस्तक हातात घेऊन चिठ्ठी बघितली, तर हा प्रकार तिथल्या तिथे थांबतो.

(दृश्य : अमळनेर. सकाळची प्रार्थना, मुलांच्या ओळी.)

अमळनेर. साने गुरुजी १९२४ मध्ये इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढायचे आणि १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. वर्गाबाहेर मुलांनी काय वाचावं, याचा इतका विचार करणारा शिक्षक खानदेशाने पाहिलाय. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

त्यांचा 'पत्री' हा कवितासंग्रह १९३५ चा. 'बलसागर भारत होवो' त्यातलीच. सरकारने संग्रहाच्या प्रती जप्त केल्या. तो काळच तसा होता. १९३१ च्या कायद्याने छापखान्याकडून जामिनाची रक्कम मागता यायची आणि मजकूर आवडला नाही की ती जप्त करता यायची. छापखानेवाला मग कविता हातात घ्यायलाच घाबरायचा. लेखकाला हात न लावता लेखन थांबवायची ही जुनी रीत आहे.

आणि आज त्याच ओळी ही मुलं प्रार्थनेत म्हणतायत.

(गाण्याचा आवाज वर. निवेदन थांबेल.)

(दृश्य : धुळे. तुरुंगाची बाहेरची भिंत, संध्याकाळ.)

धुळ्याचा तुरुंग. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, असे १८ रविवार विनोबा भावे इथे कैद्यांपुढे गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. त्याची झालेली 'गीता प्रवचने' आज घराघरांत आहेत. परक्या सरकारच्या तुरुंगात राजकैद्यांना बोलता आणि लिहून घेता आलं होतं. आपण तर शाळेतल्या मुलांबद्दल बोलतोय.

(दृश्य : पुन्हा ग्रंथालय. टेबलावर एक कोरा नमुना.)

मग तक्रार आली तर करायचं काय? ज्या शाळा आणि वाचनालयं हे नीट करतात, त्यांच्याकडे पाहून कामाची रीत सांगता येते.

तक्रार लेखी घ्यावी. एक पान पुरतं. पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल क्रमांक. पूर्ण पुस्तक वाचलं का? आक्षेप कोणत्या पानावरच्या कोणत्या ओळींना? मागणी फक्त आपल्या पाल्यापुरती आहे, की सगळ्याच मुलांसाठी? या शेवटच्या प्रश्नावर बरंच काही सुटतं. पालकांना बहुधा आपल्या मुलाची काळजी असते. मुलाच्या वाचक कार्डावर नोंद केली की त्यांचं समाधान होतं, आणि बाकीच्यांसाठी पुस्तक मांडणीवर राहतं. नमुन्यावर आवक क्रमांक घालून पोच द्यावी.

निर्णय होईपर्यंत पुस्तक मांडणीवरच राहावं. इथे सगळ्यात जास्त चूक होते. "वाद नको, निर्णय होईपर्यंत बाजूला ठेवू," असं म्हणून पुस्तक कपाटात जातं. ते एकदा आत गेलं की बैठकीची घाई कुणालाच राहत नाही. परीक्षा येतात, उन्हाळ्याची सुट्टी लागते, जूनमध्ये मुख्याध्यापक बदलतात.

समिती पाच किंवा सात जणांची, म्हणजे विषम संख्येची. मुख्याध्यापक, ग्रंथपाल, भाषेचे दोन शिक्षक, दोन पालक, आणि तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातला एखादा जाणता वाचक. पालक शाळा व्यवस्थापन समितीतून मिळतात. शिक्षण हक्क कायद्याने तिथे किमान तीन चतुर्थांश जागा पालकांच्याच ठेवल्यात.

मग प्रतींचा प्रश्न येतो. शाळेत प्रत एक आणि वाचणारे सात. इथे घात होतो, कारण कुणीतरी आक्षेपाच्या पानाची झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटतं आणि समिती दोनशे पानांच्या कादंबरीचा निकाल एका पानावर लावते. प्रती जिल्हा वाचनालयातून, आसपासच्या वाचनालयांतून मागवाव्यात. दोनशे पानं वाचायला पाच-सहा तास लागतात, पंधरा दिवस दिले तर सगळ्यांचं वाचून होतं. महिन्याच्या आत बैठक आणि लेखी निर्णय.

पूर्ण वाचण्याचा आग्रह आमच्या मनचा नाही. १९६२ च्या एका मराठी दिवाळी अंकातल्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचं सांगितलं. २०१४ च्या निकालात न्यायालयाने पुन्हा म्हटलं की मजकूर सुटा काढून बघायचा नाही, पूर्ण संदर्भात आणि आजच्या समाजाच्या नजरेने बघायचा.

निर्णय तीन प्रकारचा होऊ शकतो. पुस्तक आहे तिथे राहील. वरच्या इयत्तेच्या मांडणीवर जाईल. किंवा तक्रार करणाऱ्याच्या पाल्यापुरतं थांबेल. जो काही होईल, तो बैठकीच्या इतिवृत्तात कारणांसह यावा, ज्यांचं मत वेगळं पडलं त्यांचंही मत त्यात यावं, आणि शेऱ्याच्या रकान्यात इतिवृत्ताची तारीख पडावी.

(दृश्य : स्नेहसंमेलनाची तालीम. नाटकाची वही जवळून.)

नाटकाच्या वहीचंही असंच होतं. हे बघा. मुलांनी कापसाच्या भावावर आणि हुंड्यावर नाटुकलं लिहिलंय. मुलीच्या तोंडी अहिराणी बोलीतलं वाक्य आहे, "मना बाप कर्जबाजारी व्हयना." त्यावर लाल रेघ आणि वर लिहिलंय, "माझे वडील कर्जबाजारी झाले." वाक्याचा जीवच गेला. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या बोलीसकट १९५२ मध्ये छापली गेली, आणि इथल्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. बोली पुस्तकात चालते, तर शाळेच्या रंगमंचावरही चालायला हवी.

संहिता प्रयोगाच्या तीन आठवडे आधी दोघा शिक्षकांनी वाचावी. काही कापायचं असेल तर समासात कारण आणि सही. प्रयोगाच्या दिवशी काहीही कापायचं नाही. पाहुणे येऊन बसल्यावर विंगेत जाऊन "ते वाक्य गाळा" म्हटलं, की मूल पुढचं वाक्यही विसरतं आणि पुढच्या वर्षी लिहायला वही उघडत नाही.

(तालमीचा आवाज. मुलगी तेच वाक्य अहिराणीत म्हणते.)

(दृश्य : पाचवं कपाट, आता उघडं.)

शाळेने दोन पुस्तकं परत मांडलीत. यंदाच्या खरेदी यादीत कादंबरी एकही नाही.

बाई नवी चिठ्ठी चिकटवतायत. डिंक सुकेपर्यंत पुस्तक उघडं ठेवलंय. नववीतल्या मुलीच्या कार्डावर दाखल क्रमांक चढतो, परतीच्या तारखेचा शिक्का पडतो.

कपाटात अजून तीन पुस्तकं आहेत. बाई नोंदवही पुढे ओढतात आणि त्या तीन ओळींच्या उजव्या टोकाला पहिल्यांदाच शेरा लिहितात. बाजूला ठेवल्याची तारीख. तोंडी सांगण्यावरून. लेखी आदेश नाही. निर्णय बाकी.