मंडपातला शेवटचा सीन

(सुरुवातीला फक्त हातोडीचा आवाज आणि लांबून ढोलाची प्रॅक्टिस. निवेदन बाराव्या सेकंदाला.)

हा जो पोरगा शिडीवर चढून पुठ्ठ्याला खिळे ठोकतोय ना, तो मागच्या वर्षी याच मंडपात अफझलखान होता. दाढी लावून, पोटाला उशी बांधून. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातलं हे मंडळ, जिवंत देखाव्यासाठी फेमस, आजूबाजूच्या गावांतून लोक टेम्पो करून बघायला येतात. तर २०२४ ला या पोरापोरींनी ठरवलं की यंदा इतिहास नको, यंदा बारावी झालेला एक मुलगा दाखवायचा. मेडिकलच्या प्रवेशाच्या नीट परीक्षेत मार्क कमी पडलेला (त्या वर्षी नीटच्या पेपरफुटीचा गोंधळ झाला होता, आठवतच असेल), झोप लागत नाही, जेवण जात नाही, आणि घरचे म्हणतात नाटकं करतोय.

मंडळाच्या मीटिंगला आम्ही नव्हतो. पण तिथलं एक वाक्य आम्हाला सहा वेगवेगळ्या जणांनी जसंच्या तसं ऐकवलं. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "बाप्पाच्या म्होरं येड्याचा खेळ करणार व्हय?" यावर हशा पिकला. आपल्याकडे पिकतोच. "याला येरवड्याला टाका", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हे आपण चहा पिता पिता कितीदा बोललो असू त्याचा हिशेब नाही.

पोरं मागे हटली नाहीत त्याला कारण आहे. त्यांच्यातलाच एक जण दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्याबद्दल इथे जास्त सांगणार नाही, त्याच्या आईने फक्त एवढंच मागितलंय. हा फ्रेममध्ये दिसतोय तो कट्टा, इथे सगळे रोज संध्याकाळी बसायचे, तोही बसायचा, आणि तो गप्प गप्प असतो हे सगळ्यांना दिसत होतं पण विचारायचं कसं हे एकालाही माहीत नव्हतं. "आम्ही त्याला म्हणायचो, काय रे तोंड पाडून बसलायस, चल वडापाव खाऊ." हे सांगताना ही मुलगी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. तो शॉट आम्ही कापला नाही, तसाच ठेवलाय.

आता देखाव्याकडे येऊ. ज्यांनी जिवंत देखावा कधी केला नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्टेजवर कुणी बोलत नसतं. सगळे डायलॉग आधी रेकॉर्ड करून ठेवतात, मग ट्रॅक लावायचा आणि त्यावर ओठ हलवत अ‍ॅक्टिंग करायची. त्यामुळे स्क्रिप्ट एकदा फायनल झालं की झालं. ही बघा वही. अकरा मिनिटांचं नाटक, निळ्या पेनाने, आणि शेवटच्या दीड पानावर लाल काट.

त्या दीड पानात मुलगा स्टेजवर जीव देतो असा सीन होता. विजा, धूर, आईची किंकाळी, सगळं. पोरांना तो सीन जाम आवडलेला, साहजिक आहे, टाळ्या तिथेच पडणार. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक समुपदेशक मॅडम रिहर्सल बघायला आल्या, शांतपणे पूर्ण बघितलं, आणि म्हणाल्या हा सीन काढा. का, तर आत्महत्या अशी रंगवून, कशी केली ते दाखवून समोर ठेवली की आधीच काठावर असलेल्या माणसाला तोच रस्ता दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने पत्रकारांना दिलेल्या सूचनांमध्ये हेच आहे, पद्धत सांगू नका, भडक करू नका, मदत कुठे मिळते ते सांगा. आपले न्यूज चॅनलवाले किती पाळतात ते सोडा. पण एका गावातल्या मंडळाने पाळलं.

दोन दिवस वाद. शेवटी नवा सीन लिहिला. मुलगा कट्ट्यावर बसलाय, मित्र येतो, शेजारी बसतो आणि विचारतो, "मरायचे विचार येतात का रे तुला?" बास. मग ट्रॅकवर चाळीस सेकंद काहीच नाही. रेकॉर्डिंगवाल्याला वाटलं फाइल खराब झाली.

हा प्रश्न थेट विचारावा का यावरूनही पोरं घाबरली होती, विचारलं आणि डोक्यात घातलं तर? मॅडमनी तो गैरसमज काढला, विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट समोरच्याला वाटतं चला कुणीतरी ओळखलं.

आणि मग सुरू झाली खरी तालीम, आमच्याकडचं सगळ्यात जास्त फुटेज याचंच आहे. तालमीच्या पत्र्याखाली जोड्या करून बसायचं, एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. सल्ला नाही. "अरे त्यात काय एवढं" नाही. "माझंही असंच झालेलं" तर अजिबात नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण ढोल दोन-दोन तास वाजवणारी ही पोरं पाच मिनिटं गप्प बसू शकत नव्हती. या निळ्या टीशर्टवाल्याच्या हाताकडे बघा, तो बोलायचं दाबण्यासाठी सुतळी बोटाला गुंडाळतोय, सोडतोय, परत गुंडाळतोय.

ही आयडिया या पोरांची नाही, ते स्वतःच सांगतात. साताऱ्याच्या परिवर्तन संस्थेचे डॉ. हमीद दाभोलकर आणि अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते 'मानसमित्र' तयार करतायत, म्हणजे समोरच्याचं ऐकून घेऊन त्याला धीर देणारी साधी माणसं, याला ते भावनिक प्रथमोपचार म्हणतात. नाशिक जिल्ह्यात पेठकडच्या गावांमध्ये 'आत्मीयता' म्हणून प्रकल्प झाला, त्यात गावातलेच लोक ऐकायला शिकले आणि मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवत फिरले. डॉक्टर कमी आहेत म्हणून हे करावं लागतं हा एक भाग आहेच. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं अख्ख्या महाराष्ट्रात चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. २०१५-१६ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्व्हे सांगतो की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचतच नाहीत, आणि त्या सर्व्हेतल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. पण माझ्या मते डॉक्टर दहापट झाले तरी पहिलं कळणार कट्ट्यावरच्या मित्रालाच. त्यामुळे हे काम दुय्यम नाही.

(बोर्ड रंगवतानाचा क्लोजअप.)

हा बोर्ड. टेलि-मानस, १४४१६, सरकारी हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रंगवणाऱ्याने पहिल्यांदा घाईत १४४६१ लिहिलं. कुणाच्याच लक्षात आलं नाही, बोर्ड टांगलासुद्धा. मग एका मुलीने नुसतं चेक करायला बोर्डावरचा नंबर लावला आणि लागेचना. रात्री अकराला पांढरा डिस्टेंपर शोधत गावभर फिरले.

१० सप्टेंबर. जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन, आणि त्या वर्षी त्याच दिवशी गौरी आल्या. म्हणजे माहेरवाशिणी गावात, सासरचे पाहुणे गावात, रस्त्यावर बसायला जागा नाही. ही गर्दी बघा. त्या चाळीस सेकंदांच्या शांततेत मागे फक्त कुल्फीवाल्याची घंटा ऐकू येते.

शेवटी स्टेजवरून दोन गोष्टी सांगतात. एक, नंबर. दुसरी, कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल या भीतीने त्याला दवाखान्यात न नेणं बंद करा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायला सांगितलंय आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. हे ऐकून पुढच्या रांगेतले निवृत्त पोलीस पाटील मान हलवतायत, त्यांनी मान का हलवली ते विचारायचं आमचं राहून गेलं.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात १,७६४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, देशात सगळ्यात जास्त, हा एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा आकडा.

मंडपामागे दोन स्टुलं ठेवली होती, बोलायचं असेल त्याने यावं. तिथे आम्ही कॅमेरा नेला नाही. लोक आले. दोघांना पोरं स्वतः गाडीवर बसवून सिव्हिलच्या ओपीडीला घेऊन गेली.

विसर्जनाला पाऊस. पुठ्ठ्याच्या भिंती भिजून लगदा झाला, कट्ट्याचा सेट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवा पडलाय. बोर्ड तेवढा प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला काढला. आता तो एसटी स्टँडवर आहे, ज्युनियर कॉलेजच्या गाड्या लागतात त्या फलाटाच्या वर. ऊन पडलं की डिस्टेंपरखालचा जुना सहा अजून दिसतो.