देवघरातल्या मूर्तीचं वय

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरातसुद्धा एक कोपरा देवांचा असतो. त्यात पणजीच्या माहेरून आलेला पितळी बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक. आणि घरातलं कुणीतरी ठासून सांगत असतं, ‘आमचा बाळकृष्ण तीनशे वर्षांचा आहे!’ असेलही. पण जरा मूर्तीलाच विचारू या.

देव कोणता, हे सहसा लगेच कळतं. घोड्यावर स्वार, हातात तलवार, शेजारी म्हाळसा, सोबत कुत्रा, म्हणजे खंडोबा. विष्णूचं काम थोडं किचकट. शंख, चक्र, गदा, पद्म एवढीच आयुधं, पण कोणत्या हातात काय यावरून केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं होतात. मात्र देव ओळखला म्हणजे काळ कळला असं नाही. तेच ध्यान कारागीर पिढ्यान्‌पिढ्या घडवत आले आहेत.

आता बाळकृष्ण हातात घ्या. रोज अंघोळ घालताना अंगठा कुठे फिरतो? गालावर, पोटावर, लोण्याचा गोळा धरलेल्या हातावर. तिथे नाक बसलेलं असतं, डोळ्यांच्या रेघा पुसट झालेल्या असतात. पण काखेत किंवा कमरेच्या साखळीच्या खाचेत नखाला अजून धार लागते, आणि तिथे कुंकवा-तुपाचा काळा थर घट्ट बसलेला असतो. बाजारात ‘जुनी’ म्हणून विकायला केलेली मूर्ती सगळीकडे सारखीच झिजलेली दिसते, कारण ती अ‍ॅसिडने आणि ब्रशने झिजवलेली असते. वर हिरवा गंज! रोज चिंचेने घासल्या जाणाऱ्या देवावर हिरवा थर येणार कुठून? तरीही झीज पूजा किती झाली ते सांगते, सन सांगत नाही. हौसेने घासणारी एखादी आजी साठ वर्षांत शंभर वर्षांचं काम करते.

आणखी एक खूण. मेणावर मातीचा साचा चढवून केलेलं ओतकाम असेल, तर मूर्ती काढताना साचा फोडावा लागतो. म्हणून एकाच दुकानात हुबेहूब तशाच पाच मूर्ती दिसल्या, तर तिथून निघावं हे बरं.

प्रयोगशाळेचंही फार चालत नाही. कार्बनची चाचणी धातूला लागू पडत नाही. पोकळ मूर्तीत भाजलेली माती राहिली असेल तर तिचं वय काढता येतं. आपले घरचे देव बहुधा भरीव. बैठकीवर शक कोरलेला असेल तर त्यात 78 मिळवा: शके 1785 म्हणजे इसवी सन 1863. पण तो शक नंतर कोरलेला नाही ना, हेही बघा. अभ्यासकांनाही शेवटी शैलीवर भिस्त ठेवावी लागते. परळला 1931 साली रस्त्याच्या कामात सापडलेला भव्य शिवपट, म्हणजे शिवाचं दगडी शिल्प, पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात, तोही शैलीवरूनच. म्हणून कुणी विक्रेता ‘सन 1742’ असं छातीठोकपणे सांगू लागला, तर मी हात जोडते.

मूर्ती शंभर वर्षांहून जुनी ठरली, तर 1972 च्या कायद्यानुसार तिची नोंदणी करावी लागते आणि ती परदेशी नेता येत नाही. नोंदणीसाठी फोटो लागतातच. समोरून, पाठीमागून आणि बैठकीखालून काढा, आणि त्याआधी पितांबरी लावू नका.