शिकाऊ परवाना, विमा आणि पुढचा ब्रेक

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कोणी मोटरसायकल शिकायला लागलं, की हेल्मेटची चौकशी होते आणि पाठोपाठ विचारलं जातं, ‘गाडीचा विमा आहे ना?’ आहे म्हटलं की विषय मिटतो. पण गाडीचा विमा असणं वेगळं आणि शिकाऊ माणूस ती चालवत असताना तो विमा लागू होणं वेगळं.

शिकाऊ परवाना असला म्हणून विमा आपोआप रद्द होत नाही. हा परवाना अटी घालून दिलेला असतो आणि त्याच अटी पॉलिसीतही येऊन बसतात, इतकंच. भारतातल्या मोटार पॉलिसीचं उदाहरण घेऊ. तिच्यात ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ नावाचं चार ओळींचं कलम असतं. ते फारसं कोणी वाचत नाही. शिकाऊ परवानाधारकाला गाडी चालवायची मुभा त्यात आहे, पण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 3 पाळला तरच. पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. सोबत चालू परवाना असलेला शिकवणारा हवा. आणि मोटरसायकलवर शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवायचं नाही.

ही शेवटची अटच सर्रास मोडली जाते. गाडी जरा हातात बसली, की मागच्या सीटवर मित्र आलाच! अशा वेळी अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. ज्या तिऱ्हाइताला धडक बसली, त्याला मात्र कायदा वाऱ्यावर सोडत नाही. 2004 साली स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिकाऊ परवाना हाही परवानाच आहे, असं स्पष्ट केलं. परवान्याची अट मोडलेली असली, तरी जखमीला भरपाई आधी कंपनीने द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालयं देऊ शकतात. म्हणजे जखमीचे पैसे बुडत नाहीत, पण बिल फिरून आपल्याच दारात येतं.

ब्रिटनमध्ये तर शिकाऊ माणसाला गाडी रस्त्यावर आणण्याआधीच एक अट पुरी करावी लागते. तिथे 1990 पासून शिकाऊ मोटरसायकलस्वाराला एक सक्तीचं मूलभूत प्रशिक्षण पुरं करावं लागतं. त्याशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. त्याला ‘सीबीटी’ म्हणतात. आधी बंदिस्त जागेत सराव, मग प्रशिक्षकाबरोबर किमान दोन तास प्रत्यक्ष रस्त्यावर. यात पास-नापास नसतं; प्रशिक्षकाची खात्री पटली की प्रमाणपत्र मिळतं, नाही पटली तर पुन्हा यायचं. मला ही पद्धत परीक्षेपेक्षा शहाणपणाची वाटते. आठ आकडा काढून दाखवणं आणि रहदारीत निभावणं यांत बरंच अंतर आहे.

ते अंतर किती, हे अमेरिकेत मोजलं गेलं. हॅरी हर्ट या संशोधकाच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटरसायकल अपघातांचा बारकाईने अभ्यास केला. 1981 साली अहवाल आला. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी 92 टक्के लोकांनी कुठलंही रीतसर प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं; कोणी आपलं आपण शिकलेलं, कोणी घरच्यांकडून, कोणी मित्रांकडून. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत साधारण चालकाच्या हाती दोन सेकंदही नव्हते. आणि तेवढ्या वेळात बहुतेकांनी काय केलं? मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही.

पुढच्या ब्रेकची भीती आपल्याला पहिल्या दिवसापासून घातली जाते: ‘दाबू नकोस, तोंडावर पडशील.’ खरं तर ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढच्या चाकावर जातं, आणि थांबवण्याची ताकद तिथेच जास्त असते. झटका न देता, पण ठामपणे तो आवळत नेणं ही सवय हाताला लावावी लागते. आणि सवय मोकळ्या मैदानातच लागते, ट्रकच्या पुढ्यात नाही. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हेही तिथेच अंगात भिनतं. म्हणून प्रशिक्षणवर्ग निवडताना फी विचारण्याआधी विचारा: आणीबाणीचा ब्रेक शिकवता का? किती वेळ?

काही देशांत प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दाखवलं, की विम्याच्या हप्त्यात सूट मिळते. सूट मिळो न मिळो, पॉलिसी घेतानाच कंपनीला लेखी विचारून ठेवा. घरातलं शिकाऊ माणूस या गाडीवर चालेल का? कोणत्या अटींवर? त्याचं नाव कळवायला हवं का? उत्तर ईमेलवर आलं, तर ते पॉलिसीच्या कागदांसोबत जपून ठेवा. आणि शिकाऊ परवान्याची मुदत कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा; भारतात ती सहा महिन्यांची असते. मुदत उलटली, की ‘एल’ची पाटी लावूनही उपयोग नाही. नवा परवाना हातात येईपर्यंत गाडी उभीच राहू द्या.

नमस्कार.