उनामुनोंच्या धुक्यातलं हसू

स्पेनमधलं सालामांका. जुनं, दगडी इमारतींचं विद्यापीठाचं गाव, आणि 1900 साली इथे रेक्टर झाले लेखक आणि तत्त्वज्ञ मिगेल दे उनामुनो, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरूच समजा. मृत्यू, देव, मेल्यावर आपलं काही उरतं का, आयुष्यभर याच प्रश्नांनी झपाटलेला माणूस. म्हणून उनामुनो म्हटलं की लोक आधीच गंभीर होऊन बसतात.

पण हेच उनामुनो कागदाचे पक्षी करत बसायचे. आणि 1902च्या त्यांच्या कादंबरीत एक बाप शास्त्रीय पद्धतीने पोराला जीनियस बनवायला निघतो, पोरगा शेवटी आत्महत्या करतो, आणि अशा पुस्तकाच्या मागे त्यांनी कागदी पक्ष्यांच्या शास्त्रावर चक्क प्रबंध जोडलाय, तोही पूर्ण विद्वान थाटात!

मग 1914 साली आली त्यांची कादंबरी 'निएब्ला', म्हणजे धुकं. यातला नायक आउगुस्तो घराबाहेर पडतो, कुठे जायचं ठरलेलं नाही, म्हणतो आता कुत्रा जाईल तिकडे जाऊ, आणि तेवढ्यात समोरून जाते एक तरुणी, झालं, हा तिच्या मागे, प्रेमातच. ती पियानो शिकवते आणि तिला पियानोचाच राग. लग्न ठरतं, आणि लग्नाच्या तोंडावर ती दुसऱ्याबरोबर पळून जाते.

आता जीव द्यायचा असं ठरवून आउगुस्तो थेट सालामांकाला येतो, उनामुनोंनाच भेटायला. उनामुनो त्याला सांगतात, तुला मरता येणार नाही, तू जिवंतच नाहीस, तू माझ्या कल्पनेतलं पात्र आहेस. इथे आपण हसतो. मग वाद वाढतो आणि उनामुनो चिडून म्हणतात, आता मीच तुला मारतो. झालं, मरायला आलेला आउगुस्तो आता जगायचंय म्हणून गयावया करतो, आणि ऐकत नाहीत म्हटल्यावर उलट सुनावतो की तुम्हीही मराल, आणि हे वाचणारे सगळेच मरतील. म्हणजे आपण पण! हसता हसता पोटात गोळा येतो तो इथे, आणि मला वाटतं अख्खी कादंबरी या एका क्षणासाठी लिहिलीय. नुसतं तत्त्वज्ञान सांगितलं असतं तर आपण मान डोलावून पुढे गेलो असतो.

घरी येऊन आउगुस्तो जेवायला बसतो. अंडी, मांस, जे येईल ते खात सुटतो, कारण जो खातो तो आहे, हा त्याचा पुरावा. खाऊन खाऊन त्याच रात्री मरतो, पण आधी उनामुनोंच्या नावे तार लिहून ठेवतो: तुमचंच खरं झालं, मी मेलो.

त्याच्यावरचं मृत्युभाषण कुणी करावं? त्याच्या कुत्र्याने, ओर्फेओने. माणूस किती विचित्र प्राणी, बोलायला लागला आणि आजारी पडला, असं तो म्हणतो. मग धन्याच्या पायाशी तोही मरतो, आणि घरातला नोकर दोघांना तसं बघून रडतो.