हात वर करणारा माणूस

[दृश्य : करवीर तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. पहाट. चिमणीचा धूर उसाच्या फडावर पसरलेला.]

पहाटेचे पाच वाजलेत. काहिलीत रस उकळतोय. भेंडीचा रस घालून मळी वर आणली, ती काढून झाली, आता पिवळा फेस चढायला लागलाय. काहिलीच्या कडेला उभा आहे तो गुळव्या. थोडासा पाक तो गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळून बघतो. मऊ आहे. थांबतो. परत बघतो. आणि हात वर करतो.

त्या हातासरशी सगळं हलतं. चुलवणात चिपाडं सारणारा जळव्या थांबतो, माणसं काहिलीला भिडतात, पाक गार करायच्या वाफ्यात ओतला जातो. मालक तिथंच उभा आहे, पण बोलत नाही. काहील उशिरा उतरली तर गूळ काळा पडतो, लवकर उतरली तर ढेप धरत नाही. ती नेमकी वेळ गुळव्याच्या बोटांना कळते, मालकाला नाही.

या माणसाला विचारा, कामात समाधान आहे का? कोल्हापुरात याचं उत्तर ठरलेलं आहे : “चाललंय की निवांत.” पंचाईत अशी, की शिरोलीच्या फाउंड्रीतला हेल्परही हेच म्हणेल आणि सुभाषनगरात चप्पल शिवणाराही. मग हा प्रश्न विचारून आपल्याला कळतं तरी काय?

जगानं तो बऱ्याचदा विचारलाय. १९८९, १९९७, २००५ आणि २०१५ साली अनेक देशांत एकाच वेळी कामाविषयीची मोठी पाहणी झाली. १९९७ च्या फेरीत २१ देशांची तुलना केली, तेव्हा डेन्मार्क सगळ्यांच्या पुढे निघाला. तिथल्या भाषेत कामातल्या आनंदाला स्वतंत्र शब्दच आहे. पण त्याच वर्षी अँड्र्यू क्लार्क या अर्थतज्ज्ञानं ब्रिटनमधली एक गंमत मांडली. बायकांना पगार कमी, बढत्या कमी, तरी समाधानाच्या आकड्यात त्या पुरुषांच्या पुढे! त्यांचं काम चांगलं होतं म्हणून नव्हे, अपेक्षाच कमी होत्या म्हणून. तरुण आणि जास्त शिकलेल्या बायकांमध्ये हा फरक उरत नव्हता.

[दृश्य : सुभाषनगर. उंबऱ्यात बसून चामड्याची वेणी घालणारे हात.]

ब्रिटनमधलं हे कोडं इथं या उंबऱ्यावर बसलेलं दिसतं. कोल्हापुरी चपलेला खिळा लागत नाही, शिवण चामड्याच्याच वादीची. वरची ही बारीक वेणी बऱ्याचदा घरातल्या बायका घालतात, चूल आवरून, नगावर. २०१९ मध्ये चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला झळकल्या आणि इकडे गदारोळ झाला. त्या गदारोळात वेणीचा दर कोण ठरवतं, हे कुणी फारसं विचारलं नाही. वेणी घालणारीला विचारलं तर तीही म्हणणार, चाललंय.

म्हणून आम्ही प्रश्नच बदलला. समाधानाचं राहू दे, काम थांबवायचा अधिकार कुणाला आहे?

[दृश्य : फाउंड्री. लॅडलमधून, म्हणजे वितळलेलं लोखंड आणणाऱ्या भांड्यातून, वाळूच्या साच्यात पडणारा लालभडक रस.]

साच्यात ओल राहिली की कास्टिंगला, म्हणजे ओतून केलेल्या भागाला, ब्लोहोल पडतं, आत वाफेचं भोक राहतं, हे हेल्परला माहीत असतं. वाळू हातात घेतल्यावरच कळतं. पण लॅडल येऊन थांबलेली, लोखंड गार व्हायला लागलेलं. अशा वेळी “थांबा” म्हणायचं कुणी? ओतलं जातं. भोक उघडं पडतं ते पुढं मशीनवर, आणि माल रिजेक्शनच्या ढिगात. सगळीकडं असंच चालतं असं नाही, पण कोल्हापुरात फाउंड्रीवाल्याच्या शेजारी जो राहतो त्याला हे नवीन नाही.

जपानमध्ये टोयोटाच्या लाइनवर डोक्यावर अँडॉनची, म्हणजे इशाऱ्याची, एक दोरी असायची; आता बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी बटण आलंय. दोष दिसला की साध्यातल्या साध्या कामगारानं ती ओढायची. टीम लीडर धावत येतो, आणि अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. दोरी ओढल्याबद्दल शिव्या बसत नाहीत, तेच तर त्याचं काम. कोल्हापूरच्या गुळव्याकडं ही दोरी कधीपासून आहे, फक्त ती कुठल्या पुस्तकात नाही.

अर्थात जपानला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. कामानं माणूस मरतो त्याला ‘करोशी’ हा शब्द त्याच देशानं दिला. २०१९ पासून तिथं कायद्यानं जादा काम साधारणपणे महिन्याला ४५ तास आणि वर्षाला ३६० तासांवर रोखलं. दोरी ओढता येते, पण घरी जाता येत नाही, अशीही कामं असतात. जर्मनीत पाच कायम कामगार असले तरी कामगारांचं मंडळ निवडता येतं, आणि ओव्हरटाइम लावायचा तर त्या मंडळाची संमती लागते. आपल्याकडं जादा तासाला दुप्पट मजुरी १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे. पण शिफ्ट सुटताना प्रश्न येतो तो वेगळाच : “उद्या डबल मारतोस काय?” त्याला नाही म्हणणारा मला अजून भेटायचाय.

[दृश्य : पुन्हा गुऱ्हाळ. कॅमेरा काहिलीवरून खाली, चुलवणाच्या तोंडाशी.]

गुळव्याचं कौतुक करताना जळव्या राहूनच गेला. तो खाली बसलेला. त्याला काहील दिसत नाही, फेस दिसत नाही, पाकाचा रंग दिसत नाही. दिसतो तो जाळ, आणि ऐकू येते वरची हाक. एकाच छपराखाली, एकाच आदणावर, म्हणजे काहिलीतल्या रसाच्या एकाच खेपेवर, दोघं राबतात.

वर हात हलतो. हाक येते. जळव्या चिपाडं सारायचं थांबवतो, घाम पुसतो, बाटलीतलं पाणी पितो. पुढच्या आदणाचा रस काहिलीत पडायला लागलाय.